मालकिणीचा शिक्का

१

शिक्का नाहीसा झाला तेव्हा मी मसाल्याच्या गिरणीशेजारी उभी राहून शिंकत होते. मिरचीची पूड नाकात गेली की माणसाला दुसरं काही सुचत नाही, त्यामुळे ऑफिसमधून आलेली पहिली हाक मला ऐकूच आली नाही. दुसरी मात्र ऐकू आली. ती रफिकभाईंची होती आणि तिच्यात रोज्याचा थकवा अजिबात नव्हता.

"कुणी उचलला? इथेच होता! टेबलावर होता!"

मी नाक पुसत धावले. मालकीण बदरुन्निसाबाईंच्या केबिनमधलं मोठं टेबल जागेवर होतं, शाईचं पॅड जागेवर होतं. पॅडशेजारी सकाळी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला कंपनीचा गोल शिक्का तेवढा नव्हता.

बाहेरच्या वाचकाला वाटेल, शिक्का म्हणजे काय, दुसरा करून घ्यायचा. आपल्याकडे सहीला मान असतो. इथे दुबई-शारजात सही कुणाचीही असो, तिच्यावर कंपनीचा शिक्का बसला नाही तर बँक त्या कागदाला हात लावत नाही आणि बंदरावरचा माणूसही लावत नाही. ज्याच्या हातात शिक्का, त्याच्या हातात कंपनी.

"नवा करायला दोनशे दिरहम, म्हणजे आपले चार-पाच हजार रुपये. सवाल पैशाचा नाही, मॅडम," रफिकभाई मला म्हणाले. ते बदरुन्निसाबाईंचे नवरे. "पोलिसात कम्प्लेंट केल्याशिवाय शिक्केवाला नवा देत नाही. आणि पोलीस आले की विचारणार, शक कुणावर आहे?"

ते माझ्याशी बोलत होते, पण बघत होते दारात उभ्या असलेल्या स्वप्नालीकडे. स्वप्नाली म्हणजे ऑफिस सांभाळणारी मुलगी, संगमेश्वरकडची. केबिनच्या दाराशीच तिचं टेबल होतं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"छुट्टीच्या टाइमपर्यंत बघतो," रफिकभाई म्हणाले. "मग खलास. एकच नाव देणार मी."

२

मी मिहिका सबनीस. राहते दुबईतल्या अल बर्शात, आणि पोटासाठी लोकांच्या कंपन्यांमध्ये जाऊन नको ते प्रश्न विचारते. त्या दिवशी शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या या मसाल्याच्या कारखान्यात मी आले होते ती अमेरिकेच्या वतीनं.

तिकडे किराणा दुकानांची एक मोठी साखळी आहे. बायकांना धंद्यात पुढे आणायचं म्हणून तिनं प्रत्येक दुकानात एक फळी राखून ठेवली आहे, आणि त्या फळीवर फक्त बायकांच्या कंपन्यांचा माल लागतो. हल्ली तिकडचं वारं फिरलंय. असल्या योजना हव्यात कशाला म्हणून कोर्टकचेऱ्या चालू आहेत, त्यामुळे साखळीचे साहेब धास्तावलेत. नावापुरती बाई उभी करून पुरुषांनी लाभ घेतला असं कुठे उघडकीला आलं, तर विरोधकांच्या हातात आयतं कोलीत. म्हणून त्यांनी आम्हा तपासनिसांना बजावलं होतं की कागदावरची मालकी पुरे नाही. पैसे कुठे घालायचे, माणसं कुणाला ठेवायची आणि कुणाला काढायची, कंपनीच्या नावानं कागद कुणी पक्का करायचा, या तिन्ही गोष्टी बाईच्या हातात हव्यात. मी जाऊन बघायचं आणि हो किंवा नाही कळवायचं. भांडण अमेरिकेचं आणि उलटतपासणी हमरियातल्या बाईची, पण माझा पगार त्यातूनच निघतो, म्हणून मी कधी तक्रार केली नव्हती.

मसाला बदरुन्निसाबाईंचाच होता, यात मला तिळमात्र शंका नव्हती. दुबईच्या करामा भागातल्या दोन खोल्यांत त्यांनी एकट्या राहणाऱ्या पोरांना डबे द्यायला सुरुवात केली. डब्यातल्या माशाच्या आमटीचा मसाला लोक वेगळा मागू लागले आणि तिथून हा कारखाना उभा राहिला. रफिकभाई तेव्हा एका शिपिंग ऑफिसात होते. ती नोकरी गेल्यावर ते बायकोच्या धंद्यात आले, पाठोपाठ धाकटा भाऊ मुनीर आला. आता फ्लोअरवर तीसेक बायका काम करत होत्या, बहुतेक रत्नागिरी-रायगडकडच्या. त्यांच्या कामापैकी निम्म्याहून अधिक काम त्या अमेरिकन फळीचं होतं.

सकाळी केबिनमध्ये मी प्रश्न विचारत होते तेव्हा रफिकभाई बायकोच्या खुर्चीमागे उभे होते. "बोल ना, बदर, बिनधास्त बोल," असं ते म्हणायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे.

"कंपनीचा शिक्का कुणाकडे असतो?" मी विचारलं होतं.

बाईंनी टेबलावर बोट ठेवलं. "हा काय इथे."

मग त्या मला चवीच्या खोलीत घेऊन गेल्या. घाणा दळून आला की त्यांनी चाखल्याशिवाय पुढे जात नाही, असा त्यांचा नियम. आत गेल्यावर त्यांनी दार लावलं, तळहातावर चिमूटभर मसाला घेतला, जिभेवर ठेवला, गिळला आणि वर घोटभर पाणी प्यायल्या.

मी बघतच राहिले. रमजान चालू होता, बाहेर पाण्याची बाटलीसुद्धा मी पर्समध्ये लपवून ठेवली होती.

"आज आमची सुट्टी आहे. बायकांची," त्या हसून म्हणाल्या. "तुम्हाला काय सांगायचं? बाहेर नका बोलू, भाऊलोक आहेत. धने कमी पडलेत बघा यात, जरासे."

मीही हसले. दार बंद झालं की सगळ्या जातीधर्मांच्या बायका एकमेकींना कशा ओळखतात, याचं मला नेहमी बरं वाटतं. त्यानंतर जुहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजाची वेळ झाली. पुरुष मशिदीकडे निघाले, बाई मागच्या नमाजाच्या खोलीकडे गेल्या, आणि मला गिरणी दाखवायला फोरमन भिकाजी पुढे आला. पुरुष परत आले तेव्हा शिक्का नव्हता.

३

खरं तर माझं तिथलं काम संपलं होतं. कागद आवरून टॅक्सी बोलवायची आणि निघायचं. पण ती पोरगी दारात उभी होती. इथे चोरीचं बालंट आलं की नोकरी जाते, व्हिसा जातो, आणि त्याआधी किती रात्री कुठे काढाव्या लागतील ते सांगता येत नाही. शिवाय मला कोडी आवडतात. माझ्या हुशारीवर माझा फार विश्वास होता त्या दिवसापर्यंत.

"मला थोडं विचारू द्या सगळ्यांना. पोलिसांना नंतर बोलवा," मी रफिकभाईंना म्हणाले. अमेरिकेची बाई म्हटल्यावर ते नाही म्हणणार नव्हते.

स्वप्नालीला मी पँट्रीत नेलं. तिची पर्स तोवर मुनीरनं टेबलावर उपडी करून झाली होती. कंगवा, गोळ्यांची पट्टी, घरच्यांचा फोटो, सगळं चारचौघांत पसरलेलं. तिनं ते अजून उचललं नव्हतं.

"मी नाही घेतला, मॅडम. आईशप्पथ."

"ठाऊक आहे. केबिनमध्ये कोण गेलं?"

"मी बसले होते तोपर्यंत कुणीच नाही. मग भाभींनी नमाजाला जाता जाता सांगितलं, मिहिका मॅडमना चहा करून ठेव, पँट्रीचं दार लावून ठेव. म्हणून इथे आले. पाणी उकळायला वेळ लागला. तेवढ्यातच कुणीतरी."

"तू जागेवर नसताना केबिन उघडी होती?"

"नेहमीच उघडी असते. आत चोरण्यासारखं असतं काय?" ती म्हणाली आणि एकदम थांबली.

"म्हणजे? शिक्का आतच असतो ना?"

तिनं पँट्रीच्या दाराकडे पाहिलं. आवाज अगदी खाली आणला.

"मॅडम, मी इथे लागल्यापासून तो शिक्का टेबलावर आज पहिल्यांदा बघितला. तो शेठच्या खिशात असतो. बाथरूमला जाताना पण."

४

आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, पुढचा प्रश्न मी गिळायला हवा होता. पण धागा हातात आला की मला धीर धरवत नाही. मी थेट रफिकभाईंसमोर जाऊन बसले.

"शिक्का रोज तुमच्या खिशात असतो. आजच टेबलावर का ठेवला होता?"

त्यांचा चेहरा जराही हलला नाही. ते हसले, अगदी गोड.

"कोण म्हणालं, मॅडम?"

नाव मी घेतलं नाही, हे खरं. पण त्याआधी मी एकाच माणसाशी बोलले होते, आणि ते सगळ्या ऑफिसनं पाहिलं होतं.

"असं आहे," ते म्हणाले, "बँकवाले, कस्टमवाले, सगळे माझ्या ओळखीचे. बदरला कुठे धावपळ करायला लावू? म्हणून सोयीसाठी ठेवतो. मालकीण तीच आहे. तिला विचारा, घरात मी तिच्या शब्दाबाहेर आहे का?"

पुढे भिकाजी. लांज्याचा माणूस, बाईंच्या डब्यांच्या दिवसांपासून त्यांच्याकडे. मला गिरणी दाखवता दाखवता तोही मध्येच नाहीसा झाला होता, हे मी विसरले नव्हते.

"चाळणी बंद करायला गेलो होतो. मागं, शेडच्या पलीकडं," तो म्हणाला. मग मान खाली घालून चप्पल बघत राहिला.

"भिकाजी, पोलीस आले तर तुम्हालाही हेच विचारतील. मागे काय बघितलंत?"

"कुणाच्या पोटावर पाय नको यायला, मॅडम."

"स्वप्नालीच्या पोटावर आलाच आहे."

त्यानं मोठा श्वास घेतला. "शेठ मशिदीत गेले. गाडी गेली मी बघितली. पण मुनीरभाईंची गाडी गेलीच नाय. शेडच्या मागं उभी होती आणि ते आत होते. माझ्याकडं बघून त्यांनी शीट मागं पाडली आणि आडवे झाले."

मुनीरनं मला सांगितलं होतं की तो भावाशेजारी पहिल्या रांगेत नमाज पढत होता.

५

मुनीर तिशीतला, गोरटेला, अंगाला अत्तराचा वास. मी त्याला शेडमागे त्याच्या गाडीपाशीच गाठलं.

"शिक्का दे," मी म्हणाले.

"व्हॉट? मॅडम, यू आर जोकिंग."

"तू मशिदीत नव्हतास. इथून मागच्या बोळातून केबिनमध्ये जायला कितीसा वेळ लागतो?"

त्याचा रंग उडाला. क्षणभर मला वाटलं, संपलं, सुटलं कोडं. मग त्यानं गाडीचं दार उघडलं आणि सीटखालून एक बर्गरचं खोकं बाहेर काढलं. त्यात सिगारेटची थोटकंसुद्धा होती.

"हबीबी, हे आहे माझं क्राइम," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "रोजा होत नाही माझ्याच्यानं. सिगारेट नाही मिळाली की डोकं फुटतं. भाईजानना कळलं तर मला जिवंत ठेवणार नाहीत. प्लीज, मॅडम."

"मग निदान नमाजाला तरी जायचंस. कुणाला संशय आला नसता."

"कसा जाऊ? इथे बसून खाल्लं, आणि त्याच तोंडानं अल्लासमोर उभा राहू? रोजा नाही तर मग नमाजाचं नाटक पण नाही. एवढी शरम आहे मला."

मी त्याला सोडून दिलं. थोटकं ताजी होती, खोक्यातला बर्गर अर्धा होता, आणि त्याच्या डोळ्यांत खरी भीती होती ती भावाची. परत ऑफिसकडे निघाले, आणि बोळात मध्येच माझे पाय थांबले.

रोजा नाही तर नमाज नाही. मुनीरचं ते आपलं लाजेचं गणित होतं. पण बायकांच्या बाबतीत तो नियमच असतो. माझ्या ऑफिसात एमान नावाची मैत्रीण आहे, माझ्याच शेजारी बसते. महिन्यातले ते दिवस आले की ती रोजाही धरत नाही आणि नमाजही पढत नाही. पुरुषांना कळू नये म्हणून वेळ झाली की बाकीच्या बायकांबरोबर उठून आत मात्र जाते.

सकाळी बंद दाराआड बदरुन्निसाबाई मसाला गिळून पाणी प्यायल्या होत्या. आज सुट्टी आहे म्हणाल्या होत्या. मग जुहरला त्या नमाजाच्या खोलीत काय करत होत्या?

पुरुषांना वाटत होतं की त्या नमाज पढत होत्या. बायकांना ठाऊक होतं की आज त्यांना नमाज नाही. या दोन गोष्टी एकत्र कुणीच केल्या नसत्या, कारण हा विषय त्या दोन बाजूंमध्ये निघतच नाही. आणि स्वप्नालीला टेबलावरून उठवून चहा करायला त्यांनीच पाठवलं होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

६

त्या नमाजाच्या खोलीतच होत्या, गालिच्याच्या कडेला भिंतीला टेकून बसलेल्या. मी आत गेले आणि दार लावलं.

"भाभी, तुम्ही नमाज पढत नव्हता."

त्यांनी अंगावरच्या काळ्या अबायाच्या आतल्या खिशातून शिक्का काढला आणि मांडीवर ठेवला.

"रफिकना विचारायची लाज वाटली असती आणि बायकांना विचारायची गरज पडली नसती," त्या म्हणाल्या. "तुमचंच डोकं असं चालेल, हे नाही आलं ध्यानात."

"स्वतःच्याच टेबलावरून चोरलात?"

"माझं टेबल आहे ते?" त्या एकदम म्हणाल्या. "आज होतं. आज तुम्ही येणार म्हणून तो खिशातून निघाला आणि टेबलावर बसला. सकाळी मी हातात धरून बघितला. माझ्याच कंपनीचा, आणि मला वजन माहीत नव्हतं त्याचं. तुम्ही गेलात की परत खिशात जाणार होता."

"पण चोरून मिळणार काय होतं?"

"झारा माझी मुलगी. कॉलेजात बिझनेस शिकते. तिनं तुमच्या अमेरिकेचे नियम वाचून दाखवले. शिक्का बाईच्या हातात पाहिजे, माणसं बाईनं ठेवायची, पैसा बाईनं बघायचा. मी तिला दोनदा वाचायला लावलं ते. मला वाटलं, चला, जगात कुणीतरी लिहून ठेवलंय." त्यांनी मांडीवरचा शिक्का उलटा करून बघितला. "शिक्का हरवला की तुम्ही विचारणार, असतो कुणाकडे? मग खरं बाहेर येणार. मला नवऱ्याविरुद्ध तोंड उघडावं लागणार नाही. बावीस वर्षं संसार केलाय, माणूस वाईट नाही तो, मारत नाही, दारू नाही. फक्त हातातलं सोडत नाही. मला वाटलं, अमेरिकावाले त्याला सांगतील, शिक्का बायकोला दे, नाहीतर ऑर्डर नाही. त्यांचं ऐकेल तो."

मी त्यांच्यासमोर खाली बसले. यापेक्षा वाईट उत्तर मी आयुष्यात कुणाला दिलेलं नाही.

"भाभी, ते असं सांगत नाहीत."

"मग काय सांगतात?"

"काहीच नाही. मी नाही असं कळवलं की तुमचं नाव काढतात. फळीवरची जागा दुसऱ्या बाईला देतात."

"दुसऱ्या म्हणजे कुठल्या?"

"जिच्या हातात शिक्का आधीच आहे, तिला."

बाहेर गिरणी परत सुरू झाली होती, तिचा घरघर आवाज भिंतीतून येत होता.

"म्हणजे मी बाई आहे म्हणून तुम्ही आलात," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि माझ्याशी जे होतं ते सगळ्या बायकांशी होतं तसंच होतं, म्हणून मला काढून टाकणार."

"हो."

"मध्ये काही नसतं? थोडी मुदत? त्याला एक पत्र?"

"हो किंवा नाही, एवढंच आहे माझ्याकडे."

"आणि तुम्ही नाही लिहिलंत तर त्या तीस बायका?"

तेवढ्यात बाहेरून रफिकभाईंचा आवाज चढला. स्वप्नाली रडत होती आणि ते कुणालातरी फोन लावत होते. बदरुन्निसाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या, तोंडावरून हात फिरवला, आणि शिक्का मुठीत घेऊन माझ्यापुढे चालू लागल्या.

७

"मीच नेला होता," त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. "नमाजाला जाताना वाटलं, उघड्यावर कशाला, म्हणून खिशात घातला आणि विसरले."

रफिकभाईंनी फोन बंद केला आणि मोठ्यानं हसले. "या अल्ला! बदर, रोज्यात दिमाग चालत नाही तुझा. सगळ्यांना हैराण केलंस." हसता हसता त्यांचा हात सवयीनं पुढे आला. मग मी दिसले, तसा तो मागे गेला. "ठेव, ठेव. तुझ्या टेबलावर ठेव."

राहिलेला प्रश्न मला त्यांच्यादेखत विचारावाच लागला. कंपनीचे कागद पक्के कोण करतं?

बदरुन्निसाबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विनंती नव्हती, रागही नव्हता. कारखाना बंद पडला तर काय होईल ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

"मी," त्या म्हणाल्या.

मी हो लिहिलं. माणसं कोण ठेवतं, कोण काढतं, तिथेही हो लिहिलं. चोर सापडला होता, कोडं सुटलं होतं, आणि टॅक्सीत बसल्यावर मला स्वतःचा एवढा राग आला की अल बर्शा येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले. निघताना मागे वळले होते तेव्हा केबिनच्या काचेतून टेबल दिसलं होतं. त्यावर पॅड होतं, शिक्का नव्हता.

चार दिवसांनी अमेरिकेहून मेल आली. सध्याची परिस्थिती नाजूक आहे, प्रत्येक कंपनीकडून एक ताजा पुरावा हवा, मालकिणीनं स्वतः घेतलेल्या एखाद्या महत्त्वाच्या निर्णयाचा. मी ती रफिकभाईंना पाठवली. दुसऱ्याच दिवशी त्यांचं उत्तर आलं, सोबत एका कागदाची प्रत. ऑफिस असिस्टंट स्वप्नाली हिला ऑफिसातली गोष्ट बाहेर सांगितल्याबद्दल कामावरून कमी करण्यात येत आहे. खाली बदरुन्निसाबाईंची सही, त्यावर शिक्का अगदी स्पष्ट उठलेला.

मी सही नीट बघत होते तेवढ्यात स्वप्नालीचा फोन आला.

"मॅडम, तुम्ही शेठना माझं नाव सांगितलंत का?"

"नाव नाही सांगितलं गं."

"बरं," ती म्हणाली. तिनं माझ्यावर आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. "भाभींना राग नका येऊ देऊ. त्या सही करताना रडत होत्या. म्हणाल्या, मी केलं असं दाखवावं लागतं, नाहीतर अमेरिकावाले सगळ्यांचंच काढून घेतील. मला पगार पूर्ण दिला त्यांनी. उद्याचं तिकीट आहे."

"तू थांब. मी काहीतरी बघते. माझ्या ओळखीत..."

"इन्शाल्ला," ती म्हणाली. इथे राहून सगळेच म्हणायला लागतात. काम होणार नाही हे ठाऊक असतं तेव्हासुद्धा.

तो कागद मी दोन दिवस पुढे पाठवला नाही. दुसरा पुरावा द्या म्हणून रफिकभाईंना विचारलं, तर ते म्हणाले, यापेक्षा मोठा निर्णय काय असतो, मॅडम? अमेरिकेहून दोनदा आठवणीची मेल आली. न पाठवावा तर तीस बायका, पाठवावा तर ही एक. आणि ही तर आधीच गेली होती. मी पाठवला.

उत्तर लगेच आलं. साहेब फार खूश होते. मालकीण कठीण निर्णय स्वतः घेते आणि त्याची जबाबदारी स्वतः उचलते, इतका स्वच्छ पुरावा या वर्षी कुठल्याच देशातून आला नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. मंजुरी दिली होती, आणि बाकीच्या तपासनिसांना नमुना म्हणून तो कागद पाठवायची परवानगी मागितली होती.

मी स्वप्नालीला फोन लावला. काय सांगणार होते ते मलाच ठाऊक नव्हतं. लागला नाही. तिचा नंबर कंपनीच्या नावावर होता आणि कंपनीनं तो बंद केला होता.